घर घेण्याआधीचे रविवार

पहिल्या रविवारी म्हातारीने आम्हाला बसायलासुद्धा सांगितलं नाही. ती नुकतीच देवळातून, म्हणजे तिच्या ख्रिस्ती इग्लिजमधून, आली होती. अंगात पांढरा झगा होता. तशीच हातात विळा घेऊन ती आम्हाला सरळ घराच्या मागच्या खांबापाशी घेऊन गेली, विळ्याचं टोक खांबात खुपसलं आणि म्हणाली, "हा गेलाय. आत नुसता भुसा."

टोक बोटभर आत गेलं होतं. चांगल्या लाकडातून विळा उपसताना जो करकर आवाज येतो तो आलाच नाही.

मी आणि माझा नवरा एकमेकांकडे बघत राहिलो. नवऱ्याला मी धनी म्हणते, इथेही तेच म्हणेन. घर विकणारं माणूस असं बोलतं हे आम्हाला नवीन होतं. खरं तर घर विकणारं माणूसच आम्ही पहिल्यांदा बघत होतो.

तेव्हा उसाच्या कोठीवर, म्हणजे गोऱ्या मालकाच्या मळ्यावर, आमचे पाच पाच वर्षांचे दोन करार भरले होते. कोकणातून मुंबईला आणि मुंबईहून जहाजाने मॉरिशसला आलो तेव्हा माझ्या हातातला लग्नाचा चुडा अजून नवा होता. आता तिशी गाठली होती आणि कंबर साठीची झाली होती. कोठीच्या वस्तीत पाचटाने शाकारलेल्या खोपींची एक रांग होती, तिच्यात आमची एक. एका वर्षी तुफानात ती अख्खी रांग उडाली. नव्या खोपी उभ्या होईपर्यंत आम्ही ऊस वाहायच्या गाड्यांखाली झोपलो. तेव्हापासून मी फळ्यांच्या घराचं टुमणं लावलं होतं. धन्यांना घरात रस नव्हता. त्यांना गावी परत जायचं होतं. पण ते बोलणं त्यांनी कधी बंद केलं ते मला नेमकं सांगता येणार नाही. एक दिवस लक्षात आलं की बऱ्याच दिवसांत गावाचं नाव निघालेलं नाही. मग मी घराची चौकशी सुरू केली.

म्हातारीचं घर लॉंग माउंटनच्या अलीकडे, उसाला लागून होतं. दोन खोल्या, पुढे पडवी, वर लाकडाच्या चपट्या तुकड्यांचं छप्पर, आणि सगळं घर दगडांच्या ठोकळ्यांवर हातभर उचललेलं. म्हातारी क्रिओल होती, आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या वंशातली. तिचं लहानपण गुलामीत गेलेलं. मोकळीक मिळाल्यावर तिने आणि तिच्या नवऱ्याने मिळून हा जमिनीचा तुकडा घेतला आणि नवऱ्याने स्वतःच्या हाताने घर बांधलं. आता नवरा नव्हता. मुलगी दूर दक्षिणेला, शमें ग्रेनिएला नांदत होती आणि आईला बोलावत होती.

त्या दिवशी तिने आम्हाला घराभोवती दोनदा फिरवलं. हा खांब वाळवीने खाल्लाय. वाळवीला ती 'करया' म्हणायची, आणि थुंकल्यासारखं म्हणायची. ही खिडकी पावसाळ्यात फुगते, लागत नाही. छप्पर तीन ठिकाणी गळतं. पडवीची तिसरी फळी पाय देऊ नये अशी आहे. ही दोन कडी दिसतात ना, वारा सुटला की त्यांतून दोर ओवून छप्पर खाली जमिनीला बांधायचं, नाहीतर जाईल. ती बोलत होती आणि मी मान हलवत होते. तिची भाषा मला येत होती. उसात दहा वर्षं तीच ऐकली होती. धन्यांना ती कधी जमली नाही, त्यांना मीच मराठीत सांगायचे.

परतताना धनी अर्ध्या वाटेवर थांबले. मग म्हणाले, "आपल्या ताकाला आंबट कोण म्हणतं गं?"

"ती म्हणते ना."

"म्हणजे याहून मोठं कायतरी लपवतेय. बारकं बारकं दाखवायचं आनि मोठं झाकायचं."

मला ते पटलं नाही, पण उलट बोलायलाही जीव नव्हता. दुसऱ्या दिवशी पहाटे उसावर उभं राहायचं होतं.

पुढच्या रविवारी धन्यांनी पांपलमूसहून एक सुतार आणला. आपल्याच मुलखातला माणूस, आपली भाषा बोलणारा, म्हणून त्यांना त्याचा भरवसा वाटला. सुताराने आधी जेवण मागितलं. जेवल्यावर त्याने पुढच्या खांबांवर बोटांनी टकटक केली, डोळा बारीक करून छपराची रेघ बघितली आणि पडवीत येऊन बसला.

"घर टणक आहे," तो म्हणाला. "डोळे मिटून घ्या."

आम्ही काय बोलतो ते म्हातारीला कळत नव्हतं. तिने मला विचारलं, मी सांगितलं. ती उठली, सुतारापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "मागचा खांब बघितला नाहीस. खाली वाकलाही नाहीस."

मी हे मराठीत सांगितल्यावर सुतार भडकला. "विकणारीनेच घराला नावं ठेवायची, मग मला कशाला आणलंत?" असं म्हणून त्याने आपलं मुंडासं उचललं आणि गेला. धनी डोक्याला हात लावून बसले. ज्याला आणलं तो नीट बघत नाही, आणि जी बघायला सांगते ती विकणारी. विश्वास कोणावर ठेवायचा?

मी लुगड्याचा काचा आवळला आणि घराखाली शिरले.

घर हातभर उचललेलं, म्हणजे पोटावरच सरकायचं. खाली कोंबड्यांची घाण होती, कोळ्यांची जाळी होती, आणि ओल्या मातीचा वास येत होता. म्हातारीने दिलेला विळा माझ्या हातात होता. एकेका लाकडापाशी जाऊन मी टोचून बघितलं. मधल्या दोन तुळया अशा होत्या की विळ्याचं टोक घसरत होतं, ओरखडाही उठत नव्हता. मागच्या भिंतीखालचं आडवं लाकूड मात्र हाताने दाबलं तरी आत जात होतं. तिथल्या दगडांवरून वाळवीच्या मातीच्या नळ्या वर चढल्या होत्या, बारीक बारीक, म्हातारीच्या हाताच्या शिरांसारख्या. मी एक नळी मोडली. आत पांढरी धावपळ चालली होती.

तिथे आडवी पडले असताना मला एकदम फार थकवा आला. म्हणजे रोजचा थकवा होताच, पण तिथे कोणी हाक मारणार नव्हतं, कोणी उठवणार नव्हतं. मी गाल मातीवर टेकला आणि थोडा वेळ तशीच पडून राहिले. वरच्या फळीवर म्हातारीची पावलं वाजत होती. माझ्या मनात आलं, या घरात मला काय हवं आहे? एवढंच की दिवसा कधीतरी असं आडवं होता यावं.

बाहेर आले तेव्हा धन्यांनी विचारलं, "काय?"

"ती म्हणाली तेवढंच खराब आहे. त्याहून जास्त नाही, कमी पण नाही."

"नीट बघितलंस?"

"तुम्ही शिरा आता."

ते शिरले नाहीत. पण म्हणाले, "पावसात बघू. कोरड्यात सगळीच घरं चांगली."

पाऊस तिसऱ्या रविवारी आला. आम्ही भिजत पोचलो तेव्हा म्हातारीने तीन भांडी आधीच मांडून ठेवली होती: एक पुढच्या खोलीत कोपऱ्यात, दोन मागच्या खोलीत. पाणी बरोबर त्या भांड्यांतच पडत होतं. आम्ही तिघं मधल्या कोरड्या जागेत बसलो. तिने आम्हाला उकडलेला मॅनिऑक नावाचा कंद दिला, कणगरासारखा लागतो तो. छपरावर पाऊस इतका होता की बोलायला ओरडावं लागत होतं.

मग धन्यांच्या खांद्यावर एक थेंब पडला. त्यांनी वर बघितलं. दुसरा पडला.

म्हातारी तटकन उठली. तिने वर बघितलं, धन्यांच्या खांद्याकडे बघितलं, आणि तिचा चेहरा लाजेने उतरला. "ही नवी आहे," ती म्हणाली. "ही मला माहीत नव्हती. देवाशपथ माहीत नव्हती." चौथं भांडं शोधायला ती इतकी धडपडली की कोपऱ्यातल्या पहिल्या भांड्याला पाय लागून ते लवंडलं.

धनी हसले. किती दिवसांनी हसले होते कोण जाणे. मला म्हणाले, "घेऊ या घर. ही बाई खोटं बोलायला गेली तर पडेल."

मला वाटलं, संपलं. घर बघायचं काम संपलं. पण खरं तर तिथून पुढे सुरू झालं.

शहरातल्या कागद करणाऱ्याने निरोप धाडला की आधी जमिनीची मोजणी झाली पाहिजे. मोजणीदार रविवारी येत नाही. म्हणजे कामाचा दिवस मोडायचा, आणि कोठीवर एक खाडा झाला की दोन दिवसांची मजुरी कापत. तरी आम्ही गेलो. तो आला नाही. दुसऱ्यांदा गेलो. त्या दिवशी त्याच्या घोड्याच्या पायाला काहीतरी झालं होतं. म्हातारी दोन्ही वेळा पडवीत खुर्ची मांडून, त्याच्यासाठी लिंबाचं पाणी करून बसली होती. दोन्ही वेळा ते पाणी आम्ही प्यालो. मुकादमाने मला सुनावलं, "घरवाली झालीस काय आत्ताच?" मी खाली मान घालून ऊस तोडत राहिले.

तिसऱ्या वेळी मोजणीदार आला. टोपीवाला साहेब आणि साखळी धरणारी त्याची दोन माणसं. रस्त्याकाठच्या दगडापासून त्यांनी साखळी लावली आणि ओढत ओढत मागे नेली. एक माणूस उसात शिरला आणि तिकडून ओरडला. साहेबाने कागद बघितला, पुन्हा साखळी लावायला सांगितली. पुन्हा तेच. मग तो घराच्या बाजूला आला आणि छडीने जमिनीवर एक रेघ ओढली. रेघ घराखाली गेली आणि पलीकडच्या बाजूने बाहेर आली.

तो म्हातारीशी फ्रेंचमध्ये थोडंसं बोलला. तिने खुर्चीची पाठ धरली.

"काय म्हणाला?" धन्यांनी मला विचारलं. मलाही सगळं कळलं नव्हतं. म्हातारीनेच सांगितलं, हळू, माझ्याकडे बघत. पुढची खोली तिच्या जमिनीवर होती. मागची खोली आणि त्यामागचा सगळा तुकडा शेजारच्या कोठीच्या जमिनीवर होता.

"माझ्या माणसाने पावलं टाकून मोजलं होतं," ती म्हणाली. "ज्याने विकली तो स्वतः उभा होता. इथून तिथपर्यंत म्हणाला. हात करून दाखवलं त्याने." तिने हात करून दाखवला. साहेबाची माणसं साखळी गुंडाळत होती. साहेब लिंबाचं पाणी न पिता गेला.

"मो फी," ती मला म्हणाली, म्हणजे माझ्या पोरी. "मी तुला सगळं सांगितलं होतं ना? हे मला ठाऊक असतं तर हेही सांगितलं असतं."

वाटेत धनी म्हणाले, "तिला ठाऊक होतं."

"नव्हतं."

"तुला काय म्हाईत?"

"मी तिचं तोंड बघितलं."

"तोंड बघून घर घेत नाहीत."

त्यांचं खरंच होतं. आम्ही दोन रविवार तिकडे गेलो नाही. मी तांदूळ निवडले, लुगडं शिवलं, झोपले. धनी खोपीच्या दाराशी बसून राहिले. घराचा विषय निघाला नाही, जसा गावाचा निघेनासा झाला होता तसा. मला भीती वाटली ती त्याची.

तिसऱ्या रविवारी म्हातारीच आली. चालत, एवढ्या लांब, त्या वयात. मुकादम तिला वस्तीत सोडेना, म्हणून आम्हीच फाटकापाशी गेलो. तिच्या हातात भाजीची जुडी होती, ती तिने मला दिली. मग म्हणाली, "कोठीचा माणूस येऊन गेला. तोडणीच्या आधी मागची खोली उठवा म्हणाला. मी उद्यापासून फळ्या काढायला घेते. तुम्हाला जमीन नको असेल तर नको. पण फळ्या चांगल्या आहेत, त्या घेऊन जा. कोणाच्या तरी उपयोगी पडू देत."

मी धन्यांना सांगितलं. ते वैतागून, अगदी भांडायला उठल्यासारखे म्हणाले, "ती एकटी कशी पाडणार? छप्पर पडेल डोक्यात. सांग तिला, हात लावू नको म्हणून. आम्ही येतो."

मी सांगितलं. तिने फाटकाचा दांडा धरला आणि मान हलवली. आमचं घर घ्यायचं ठरलं ते असं.

आमच्याच जहाजावरून आलेले चौघे मदतीला आले. जहाजभाई म्हणजे सख्ख्यापेक्षा जवळचे, पण त्यांनाही आठवड्यातून एकच सुटी होती, ती त्यांनी आम्हाला दिली. आधी छप्पर उतरवलं, मग मागची खोली फळी फळी करून सोडवली. धन्यांना लिहिता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक फळीवर कोळशाने रेघा मारल्या: पहिली फळी एक रेघ, दुसरी दोन. वीस रेघा झाल्यावर मोजायलाच वेळ लागायचा. म्हातारी झाडाखाली खुर्ची टाकून बसायची आणि कोणती फळी कुठली ते सांगायची. तिचं कधीच चुकलं नाही. मागच्या भिंतीखालचं ते आडवं लाकूड उचलायला दोघं वाकले, तर ते त्यांच्या हातात राहिलंच नाही. कोंड्यासारखं खाली पडलं आणि कोंबड्या त्यावर तुटून पडल्या.

मागची खोली आपल्या हद्दीत पुन्हा उभी करायला जागा व्हावी म्हणून पुढची खोली रस्त्याच्या बाजूला दहा पावलं सरकवायची होती. ती सोडवायची गरज नाही म्हणून ओंडक्यांवर घेऊन ढकलली. एकदा ती एका बाजूला कलली आणि मी डोळे मिटले. उघडले तेव्हा धनी खांदा लावून उभे होते, मानेच्या शिरा तटतटलेल्या, आणि जहाजभाई दगड सरकवत होते. नव्या दगडांना आम्ही डांबर फासलं. नवे खांब टाकले. हे सगळं पाच रविवारांत झालं, आणि मधले सहा सहा दिवस ऊस होताच. कधी कधी मला वाटायचं, घर उभं राहील, पण राहायला आम्ही उरू की नाही देव जाणे. संध्याकाळी परतताना पाय कुठे पडतात तेही कळायचं नाही. धन्यांच्या तळहाताची कातडी गेली होती. जेवताना ते बोटांच्या टोकांनी घास उचलायचे.

कागद शहरात झाला. कारकुनाने फ्रेंचमध्ये वाचलं, म्हातारीने ते तिच्या भाषेत मला सांगितलं, मी मराठीत धन्यांना सांगितलं. कारकून लांबलचक वाचायचा, म्हातारी थोडं सांगायची, आणि माझ्याकडून धन्यांपर्यंत पोचता पोचता एवढंच उरलं: "आपलं झालं." दोघांनी फुल्या मारल्या. म्हातारीची फुली धन्यांच्या फुलीपेक्षा सरळ आली.

ती गेली त्या सकाळी दक्षिणेकडे जाणारी गाडी रस्त्यावर उभी होती. तिने एक खुर्ची, एक पेटी आणि दोन भांडी घेतली. गाडीत बसायच्या आधी घराला एक फेरी मारली, नव्या खांबांवर मूठ आपटून बघितली, आणि मला म्हणाली, "दर वर्षी वाऱ्याचे दिवस यायच्या आधी खाली शिरून बघ. एकदा बघून भागत नाही." मी हो म्हणाले. तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला. तिचा हात खरखरीत होता, माझा गालही. गाडी निघाली तेव्हा तिने पदराने, म्हणजे डोक्याच्या रुमालाने, डोळे पुसले की घाम, ते मला दिसलं नाही.

आम्ही वांग्याची आणि मिरचीची रोपं लावली. वांगी-मिरच्या विकायच्या आणि गरज लागेल तेव्हाच कोठीवर मजुरीला जायचं, असा बेत होता. आठवडा झाला असेल. मी पडवी झाडत होते. रस्त्यावरून एक शिपाई आला, पोलिसातला. फाटक नव्हतंच, तो सरळ आत आला.

"इथे कोण राहतं?"

"आम्ही," मी म्हणाले.

"कोणाचं घर?"

"आमचं."

तो हसला. धनी मागून मातीच्या हातांनी आले. शिपायाने त्यांचा करार संपल्याचा दाखला मागितला. त्यांनी आत जाऊन आणला. मग घराचा कागद मागितला. तोही आणला. त्याने कागद उलटा धरला, मग सुलटा, पडवीत पाय ठेवून आत डोकावला, आणि म्हणाला, "फिरताना दाखला जवळ ठेव. शेतातसुद्धा. दुसरा कोणी आला असता तर भटक्या म्हणून धरून नेलं असतं."

"स्वतःच्या शेतात?" धन्यांनी विचारलं. मी ते त्याला सांगितलं.

"कुठेही," शिपाई म्हणाला आणि गेला.

धनी पायरीवर बसले. मला वाटत होतं की घर झालं म्हणजे कोणी विचारणार नाही. त्यांनाही तसंच वाटलं असणार. त्यांनी दाखल्याची घडी केली, कनवटीला खोवली, पुन्हा काढली, कुठे ठेवावा ते त्यांना सुचेना.

"द्या इकडे," मी म्हणाले. "पिशवी शिवते. गळ्यात घाला."

मी आत जाऊन सुई-दोरा शोधला. जुन्या लुगड्याचा एक तुकडा निघाला. बाहेर येऊन त्यांच्याशेजारी बसले. रोपांना पाणी घालायचं राहिलं होतं, पण आम्ही दोघंही उठलो नाही.